नावापुढची अक्षरं

६ जानेवारी २०२५, सोमवार

यंदा क्लिनिक प्रत्येक मेडिकल असिस्टंटच्या एका जादा परीक्षेची फी भरणार, असं ऑफिस मॅनेजरने सकाळच्या बैठकीत जाहीर केलं. ईसीजी, रक्त काढणं, बिलिंग, जे हवं ते निवडा. पास झालात की तासाचा दर वाढेल. किती वाढेल ते मात्र सांगितलं नाही. मग दिवसभर, दोन पेशंटच्या मधे जेवढी उसंत मिळाली तेवढ्यात, आम्ही सगळ्याजणी एवढंच बोलत होतो: कुठली द्यायची?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या भागात आमच्यासारखी क्लिनिकं रस्त्यारस्त्यावर आहेत. पेशंट आधी आमच्या हाती येतो. वजन, बीपी, नाडी, ऑक्सिजन, चालू गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी, आज काय होतंय, हे सगळं डॉक्टर खोलीत येण्याआधी कॉम्प्युटरवर चढलेलं असतं. डॉक्टर बाहेर पडले की इंजेक्शन, लघवीची तपासणी, ईसीजी, रक्त, रेफरल, इन्शुरन्सची मंजुरी, फार्मसीचे फोन. अमेरिकेत आठ लाखांच्या घरात माणसं हे काम करतात, त्यांत बहुतेक बायका. तरी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारतं, "तू नर्स ना?" मी नाही म्हणते, मेडिकल असिस्टंट म्हणून सांगते, आणि पुढे काहीच विचारलं जात नाही.

सांगलीत डीएमएलटी करून मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. इकडे आल्यावर कामाची परवानगी मिळेपर्यंत घरी बसले आणि ती मिळाल्याबरोबर हा कोर्स केला. मला हे काम आवडतं. म्हणूनच त्यात पुढे जायची वाट कुठून आहे, ते नीट बघायचं ठरवलं आहे. सुचेल तसं इथे लिहीन.

९ जानेवारी, गुरुवार

रात्री भांडी आवरून माहिती काढत बसले. काम एकच, पण प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अनेक, आणि नव्या मुलींचा पहिला गोंधळ इथेच होतो.

सगळ्यांत जास्त मान आहे तो शिकागोच्या अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्सला. कॅन्ससमधल्या असिस्टंट बायकांनी १९५५ मध्ये इतर राज्यांतल्या बायकांना बोलावलं आणि पुढच्या वर्षी संघटना उभी राहिली. मॅक्सीन विल्यम्स पहिल्या अध्यक्ष. १९६३ मध्ये पहिली परीक्षा झाली. डॉक्टरांच्या हाताखाली ज्या शिकल्या त्यांनीच आपलं काम परीक्षेला बसण्याइतकं मोठं आहे असं ठरवलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांची परीक्षा २०० प्रश्नांची, चाळीस-चाळीस मिनिटांचे चार भाग. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं आणि तेवढ्या काळात ६० गुण जमवावे लागतात, नाहीतर पुन्हा परीक्षा. दुसरी संस्था अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स, १९३९ ची. त्यांचं आरएमए प्रमाणपत्र १९७२ पासून. तिसरी नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशन. माझं सीसीएमए तिचं. १८० प्रश्न, त्यांतले ३० पुढच्या परीक्षांसाठी चाचणीचे, ते गुणांत धरत नाहीत. दर दोन वर्षांनी १० क्रेडिट पुरे करून नूतनीकरण.

हे झालं पायाचं. यावर मग खास कामांची प्रमाणपत्रं: रक्त काढणाऱ्यांचं सीपीटी, ईसीजीचं सीईटी, ऑफिसच्या कामाचं सीएमएए, बिलिंगचं सीबीसीएस. माझ्या ओळखीची एक बाई नावापुढे यांतली चार लावते आणि पहिल्या दिवशी करत होती तेच काम करते. ती हुशार आहे, मेहनती आहे, पण तिच्या क्लिनिकमध्ये त्या चारांतल्या तीन प्रमाणपत्रांना कामच नाही. पैसा गेला, रात्री गेल्या, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचं ओझं मागे लागलं.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. शुक्रवारी जे काम माझ्या हाती देत नव्हते, ते प्रमाणपत्र आल्यावर सोमवारी देतील का? उत्तर हो असेल तरच फॉर्म भरायचा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पुढच्या टेबलावर तिळगुळाचा डबा ठेवला होता, दुपारपर्यंत रिकामा झाला.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या, कोल्हापूरकडच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. दोन दिवस चक्कर येतेय. डॉक्टरांनी ईसीजी सांगितला. आजी टेबलावर आडव्या झाल्या आणि पहिली गोष्ट म्हणाल्या, "पोरी, मंगळसूत्र काढायला लावू नको हं." काढायची गरजच नसते. मी ते मागे मानेकडे सरकवलं, चादर छातीपर्यंत ओढली आणि हात आधी चोळून गरम केले. थंड हात लागला की माणूस आखडतो, आणि आखडलेल्या स्नायूंची थरथर कागदावर उमटते.

मग फासळ्या मोजल्या. गळ्याखालच्या खळग्यातून बोट हाडावरून खाली आणलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी फासळी. तिथून एकेक उतरत चौथ्या फासळीखालची फट धरायची. उरोस्थीच्या उजवीकडे पहिलं इलेक्ट्रोड, डावीकडे दुसरं. मग चौथं, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली, पाचव्या फटीत. बायकांच्या बाबतीत स्तन हलकेच उचलून त्याच्या खाली. तिसरं मग दुसऱ्या-चौथ्याच्या मधे. पाचवं आणि सहावं चौथ्याच्याच पातळीत काखेकडे. आजी आढ्याकडे बघत होत्या. मी प्रत्येक वेळी आधी सांगत गेले, "आता इथे हात लावते," आणि त्या मान हलवत गेल्या.

हे इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण आहे. घाईत, संकोचात, पहिली दोन इलेक्ट्रोडं बऱ्याच ठिकाणी वर लागतात. ती वर लागली की निरोगी हृदयाचा आलेखसुद्धा पूर्वी झटका येऊन गेल्यासारखा दिसू शकतो. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट लागल्या तरी आलेख उलटतो. डॉक्टर समोर आलेल्या कागदावरून ठरवतात. पाहुण्या आई-वडिलांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स बहुतेक वेळा जुन्या दुखण्यांना हात लावत नाही. विनाकारण इमर्जन्सीत जावं लागलं तर येणारं बिल मुलाची झोप उडवतं. आजींचा आलेख स्वच्छ आला. चक्कर बीपीच्या नव्या गोळीची होती.

सीईटीच्या परीक्षेला बसण्याआधी जिवंत माणसांवर केलेल्या किमान दहा ईसीजींचा पुरावा लागतो. मला दहा कमी वाटतात. पण पुतळ्यावर केलेले चालत नाहीत, हे योग्य आहे. पुतळा लाजत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

फ्लूने यंदा कहर केला आहे. दिवसभर मास्क, नाकातले स्वॉब, खोल्या पुसणं. घरी येऊन उभ्यानेच जेवले.

तरी एक टिपून ठेवते. न्यू जर्सीत डॉक्टर इंजेक्शन देण्याचं काम सोपवू शकतात ते सर्टिफाइड मेडिकल असिस्टंटकडेच, आणि डॉक्टर त्या वेळी जागेवर हजर असावे लागतात. कॅलिफोर्नियात राज्य प्रमाणपत्र मागत नाही, पण इंजेक्शनचं आणि रक्त काढण्याचं प्रत्येकी दहा तासांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात २०१३ पासून राज्य सरकारच असिस्टंटला नोंदणी देतं, रक्त काढणाऱ्यांची वेगळी, डायलिसिसवाल्यांची वेगळी. आपल्या घरांतून नवऱ्याची नोकरी बदलली की बिऱ्हाड हलतं, एडिसनहून सिअ‍ॅटलला, सिअ‍ॅटलहून फ्रीमाँटला. हाताला आलेलं काम दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. म्हणून परीक्षा देण्याआधी जिथे जाण्याची शक्यता आहे त्या राज्याचा नियम वाचावा, हे मी प्रत्येकीला सांगते.

प्रमाणपत्राला भाव येण्यामागे आणखी एक गोष्ट घडली होती. मेडिकेअर-मेडिकेडच्या कॉम्प्युटर नोंदींच्या प्रोत्साहन योजनेत २०१३ पासून औषधांच्या, लॅबच्या आणि एक्स-रेच्या ऑर्डरी भरण्याचं काम परवानाधारकांखेरीज फक्त प्रमाणित असिस्टंटनी केलं तरच मोजलं जाऊ लागलं. त्याआधी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अनेक बायका मग पुस्तकं घेऊन बसल्या. नियमाने जे झालं ते कौतुकाने झालं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नागपूरच्या वहिनी डोळ्यांच्या दवाखान्यात आहेत. आज त्यांच्याकडे गेले, मुद्दाम विचारायला. त्या बी.कॉम. २०१५ च्या मे महिन्यात एच-फोर व्हिसावाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी देणारा नियम लागू झाला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या अर्ध्या बायका सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्लासला गेल्या. वहिनी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला बसल्या.

आज त्या सीओटी आहेत. मी एवढ्या वाटा बघितल्या, त्यांत खरोखर शिडी म्हणावी अशी हीच दिसली. सेंट पॉलची एक संस्था १९६९ पासून नेत्रसहायकांच्या परीक्षा घेते. पहिली पायरी सीओए, मग सीओटी, मग सीओएमटी. पहिलीला नेत्रतज्ज्ञाच्या हाताखाली काम करत घरी अभ्यास करूनही बसता येतं. दुसरीला लेखीबरोबर हातकामाची परीक्षा. प्रत्येक पायरीवर काम बदलतं, आणि जाहिरातीत पायरी लिहिलेली असते, म्हणजे मालकालाही तिची किंमत ठाऊक असते.

वहिनींनी डोळ्याचा दाब कसा मोजतात ते सांगितलं. पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात बघायचं. समोर दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, वर एक, खाली एक. चाकी फिरवत न्यायची आणि दोन्हींच्या आतल्या कडा टेकल्या की थांबून आकडा वाचायचा. "रंग जास्त झाला तर वर्तुळं जाड दिसतात आणि आकडा खोटा वर जातो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगते, सुरुवातीला माझा श्वास अडकायचा. डोळ्याला हात लावायचा म्हणजे काय!" मग बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचं सांगितलं. ते घालायच्या आधी दोन्ही बाहुल्या उजेडाला कशा आकसतात ते बघून लिहावंच लागतं. थेंब पडले की ती तपासणी त्या दिवसापुरती गेली, आणि नसेच्या एखाद्या दुखण्याचा तेवढाच सुगावा असेल तर तोही गेला.

मी विचारलं, "मग डॉक्टर तुमच्यावर विसंबतात?" त्या म्हणाल्या, "माझा आकडा बघून काचबिंदूचं औषध बदलतात. अजून काय हवं?"

येताना मनात आलं, वहिनींच्या बाबतीत अक्षरं कामाच्या मागून आली. दर तीन वर्षांनी त्यांनाही नूतनीकरण करावं लागतं, पण त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. त्यासाठीच्या शिकवणीला रविवारी त्या डबा घेऊन जातात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवी मुलगी लागली आहे, नाशिकची. कोर्स झालेला, सर्टिफिकेट ताजं. मला ताई म्हणते.

आज तिला बीपी दाखवलं. तिला वाटत होतं, त्यात काय दाखवायचं, मशीन आहे. पेशंट खुर्चीत बसले होते, पाय लोंबकळत, हात मांडीवर, फोनवर बोलत. आकडा आला १४८. मी पाठ टेकवायला लावली, पायाखाली स्टूल दिलं, फोन ठेवायला सांगितला, दंडाला बसेल असा मोठा पट्टा घेतला आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग आला १३४.

जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी गेल्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हात मांडीवर असला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ ४ ने आणि नुसता बाजूला लोंबत असला तर साडेसहाने जास्त येतो असं दिसलं. पट्टा, बोलणं, चालत येणं यांची भर वेगळीच. म्हणजे घाईत घेतलेल्या बीपीवरून एखाद्याला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. मुलीने विचारलं, "ताई, हे परीक्षेत येतं का?" येतं, हेही सांगितलं. पण तिला एक गोष्ट पटली असावी, कारण दुपारी तिने एका आजोबांना आपणहून गप्प बसवलं, प्रेमाने.

एवढ्या बारीक कामाला 'साधं काम' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

५ मार्च, बुधवार

आज कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची चौकशी करून आले. समुपदेशक बाई चांगल्या बोलल्या. शरीररचना आणि शरीरक्रिया दोन सत्रं, सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेसह, मानसशास्त्र, इंग्रजी, हे आधी. मग प्रवेश, मग दोन वर्षं, बहुतेक दिवसाचे वर्ग. मी विचारलं, मेडिकल असिस्टंटचा कोर्स, प्रमाणपत्र, क्लिनिकमधली वर्षं, यांचं काही धरता? नाही. इंजेक्शनं? नाही. सांगलीचा डिप्लोमा? मूल्यमापन करून आणा, बघू.

बाहेर येऊन गाडीत बसले आणि आकडे मांडले. कामगार खात्याच्या हिशेबाने मे २०२३ मध्ये मेडिकल असिस्टंटची मधली वार्षिक मिळकत ४२,००० डॉलर. एलपीएन म्हणजे वर्षभराच्या शिक्षणाच्या नर्सची ५९,७३०. नोंदणीकृत नर्सची, म्हणजे आरएनची, ८६,०७०. आणि फक्त रक्त काढणाऱ्याची ४१,८१०, म्हणजे असिस्टंटपेक्षाही थोडी कमी. मैत्रिणी म्हणतात, 'सीपीटी घे आणि लॅबमध्ये जा, सुटशील,' त्यांना हा शेवटचा आकडा दाखवायला हवा. रक्त काढण्याचं प्रमाणपत्र असिस्टंटच्या कामात भर म्हणून घ्यावं. ते काम सोडून नुसतं तेवढंच करायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

माझी तक्रार पैशापुरती नाही. नर्सिंग हे वेगळं शिक्षण आहे, तिथे निर्णय घ्यायचे असतात, आणि त्यासाठी शास्त्र पक्कं हवं, हे मला पूर्ण मान्य आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा शिकायला तयार आहे. पण जिने हजारो माणसांचं बीपी घेतलं, इंजेक्शनं दिली, रडणाऱ्या मुलाला धरलं, पेशंटच्या बोलण्यातला घाबरा सूर ओळखून डॉक्टरांना खोलीत आधी जायला लावलं, तिला पहिल्या सत्रात उशीवर पट्टा बांधायला लावणं हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. या देशाला नर्सेस कमी पडतात असं रोज बोललं जातं. त्यांच्या शेजारच्या खोलीत आठ लाख माणसं उभी आहेत. त्यांच्या हातकामाची परीक्षा घ्या, जेवढं येतं तेवढं धरा, उरलेलं शिकवा. एलपीएनवरून आरएन होणाऱ्यांसाठी अशा वाटा आहेत. असिस्टंटसाठी त्या फार थोड्या ठिकाणी आहेत, माझ्या कॉलेजात नाहीत.

मुलगा अजून लहान आहे. दिवसाचे वर्ग आत्ता जमणार नाहीत. यावर्षी नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी बाल्कनीत उभारली, कडुलिंब इंडियन स्टोअरमधून आणला.

सकाळी सांगलीला फोन झाला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला. डॉक्टर थकले, मुलगा पुण्यात. मी लगेच विचारलं, "आणि कंपाउंडरकाका?" ते घरी बसून आहेत. सगळं आयुष्य त्या दवाखान्यात गेलं. पुड्या बांधण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळं येतं. लहान मुलाची शीर डॉक्टरांना सापडली नाही तर काकांना बोलवायचे. शेजारच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले तर त्यांना विचारलं, शिक्षण काय? त्यावर त्यांच्याकडे दाखवायला कागद नाही. डॉक्टरांची चिठ्ठी होती, ती कुणी वाचली नाही.

मला दिवसभर तेच आठवत होतं. मी जी कसोटी लिहून ठेवली आहे ती अपुरी आहे. सोमवारी नवं काम मिळेल का, एवढं बघून भागत नाही. माझं क्लिनिक उद्या बंद झालं तर हे काम मी दुसऱ्या दारात घेऊन जाऊ शकेन का, हेही बघायला हवं. कंपाउंडरकाकांचं कसब त्यांच्या डॉक्टरांच्या विश्वासावर उभं होतं. विश्वास त्या दोघांतला होता, तो तिसऱ्याला देता येत नाही. कॅन्ससच्या त्या बायकांनी १९५५ मध्ये हेच ओळखलं असणार.

भारतात २०२१ मध्ये सहायक आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. लॅबवाले, फिजिओथेरपीवाले, अशांची नोंदणी, शिक्षणाचा दर्जा, सगळं त्यात येतं. माझ्या डीएमएलटीच्या मैत्रिणींना त्याचा उपयोग होईल. छोट्या दवाखान्यातला मदतनीस मात्र आजही बहुतेक ठिकाणी बघून बघूनच शिकतो. त्याच्यासाठी कामाच्या जागी घेतलेली साधी, स्वस्त, मराठीतून देता येईल अशी परीक्षा का असू नये? काकांच्या हातून ज्यांनी टाके काढून घेतले ते सगळे साक्षीला येतील.

१२ एप्रिल, शनिवार

माझं सीसीएमए नूतनीकरण झालं, दहाच्या दहा क्रेडिट मार्चमध्येच पुरी केली होती.

सीईटीचा फॉर्म भरला. मेपासून हृदयाचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून दोनाऐवजी तीन दिवस येणार आहेत. पेशंटला दिवसभर हृदयाची नोंद ठेवणारं हॉल्टर यंत्र लावून देणं आणि ट्रेडमिलच्या तपासणीला उभं राहणं ही कामं ते प्रमाणपत्र असलेलीलाच देणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे काम नवं आहे, आणि उद्या कुठेही गेले तरी बरोबर येणारं आहे.

नाशिकच्या मुलीने सीपीटी निवडलं. तिच्या बाबतीत तेच बरोबर आहे. तिला हात बसवायचा आहे, आणि त्या परीक्षेआधी जिवंत माणसांच्या शिरेतून ३० वेळा आणि बोट टोचून १० वेळा रक्त घेतल्याची नोंद लागते. आता ती ट्यूबांचा क्रम न चुकता लावते: आधी निळं झाकण, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवं, जांभळं, शेवटी करडं. क्रम का, तेही सांगते. जांभळ्या ट्यूबमधलं रसायन पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. काल एका जाड हाताच्या बाईंची शीर दिसत नव्हती. तिने घाई केली नाही. डोळे बाजूला करून बोटाने चाचपत राहिली, एका जागी थांबली, आणि पहिल्याच सुईत आलं.

ऑफिस मॅनेजरला आणि डॉक्टरांना मिळून एक पत्र दिलं. तीन गोष्टी मागितल्या. परीक्षेचा अभ्यास आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेत धरावा. दरवाढीचा आकडा आधी लेखी सांगावा आणि निकालाच्या तारखेपासून द्यावा. आणि क्लिनिकमध्ये लीड मेडिकल असिस्टंटची जागा करावी, जिच्या कामात नव्यांना शिकवणं हे लिहिलेलं असेल. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. आकडा तासाला सव्वा डॉलर ठरला. मला दोन हवे होते, पण सगळ्यांसाठी लेखी झालं हे मोठं आहे. तिसरी मेमधल्या डॉक्टरांच्या बैठकीत जाईल.

त्या बैठकीत मी स्वतः बोलणार आहे. नाशिकच्या मुलीच्या नोंदवहीत प्रत्येक टोचणीपुढे पर्यवेक्षक म्हणून माझी सही आहे, ती वही बरोबर नेणार आहे. शिकवण्याचं काम कधीचं सुरू आहे. पदाचं नाव आणि पगाराचा दर तेवढा ठरायचा आहे.